सळई नेमकी किती वेगाने धावते? गोव्यातल्या कुंडईच्या रोलिंग मिलमधल्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने प्रत्येकजण वेगळंच सांगेल.

आमची मिल छोटी. शेजारच्या शेडमध्ये इंडक्शन भट्टीवर भंगार वितळतं, बिलेट, म्हणजे पोलादाचे चौकोनी दांडे, ओतले जातात आणि आमच्याकडे त्यांची टीएमटी सळई होते. १०० मिमी चौकोनी, ३ मीटर लांबीचा बिलेट म्हणजे साधारण २३५ किलो. १२ मिमीच्या सळईचं मीटरला वजन ०.८८८ किलो. तापल्यावर अंगावर धरणाऱ्या खपल्यांत जातं ते सोडून एका बिलेटमधून २६० मीटरच्या आसपास सळई निघते. शेवटच्या स्टँडमधून, म्हणजे रोलच्या शेवटच्या जोडीतून, ती सेकंदाला ९ मीटरने सुटते, क्वेंच बॉक्सच्या पाण्यातून जाते, पिंच रोल तिला ओढतो आणि फ्लाइंग शिअर धावत्या सळईचे तुकडे पाडते. एक तुकडा ४८ मीटरचा, म्हणजे थंड झाल्यावर १२ मीटरच्या चार सळया.

तक्रार अशी की तुकडे सारखे येत नाहीत. लांब आला तर उरलेलं टोक परत भट्टीत. आखूड आला तर चौथी सळई १२ भरत नाही आणि कमी भावाने जाते. मालकांचा हुकूम एका वाक्याचा: लांबी जाग्यावर आण. दुसरं वाक्य असं की नवी शिअर मिळणार नाही.

१० जुलै

शिअरला लांबी सांगतो तो शेवटच्या स्टँडच्या मोटरवरचा एन्कोडर, मोटर किती फिरली ते मोजणारा. पीएलसीत, म्हणजे मिलच्या नियंत्रण संगणकात, रोलचा व्यास भरलेला आहे आणि त्याच्यापुढे ‘फॅक्टर’ नावाचा एक आकडा. शिफ्टचा रोलर-मिस्त्री कूलिंग बेडकडे, जिथे तुकडे थंड होतात तिकडे, नजर टाकतो आणि फॅक्टर किंचित वर-खाली करतो. दिवसपाळीचा फॅक्टर वेगळा, रातपाळीचा वेगळा, आणि दोघांचाही आपल्याच आकड्यावर विश्वास.

पहिली गोष्ट सापडली तिचा वेगाशी संबंधच नव्हता. कापण्याचा हुकूम पीएलसीच्या साध्या स्कॅनमधून सुटत होता. स्कॅन म्हणजे सगळे सिग्नल तपासायची त्याची एक फेरी. ती १० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्या वेळात सळई ९ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. मोजणी स्कॅनच्या सुरुवातीला पूर्ण झाली की शेवटी, यावर तुकड्याचं नशीब. हुकूम हाय-स्पीड काउंटरच्या थेट आउटपुटवर नेला. तुकड्यांतला वेडावाकडा फरक गेला.

राहिला तो फरक शिस्तीत आहे. एकाच बिलेटमधला पहिला तुकडा आखूड, शेवटचे लांब. अंतर वीत-दीड वीत. एकच फॅक्टर दोघांना कसा पुरणार?

१६ जुलै

आज फक्त फूटपट्टीचं काम. म्हणजे फीत-टेपचं.

टीएमटीच्या अंगावरच्या रिब, म्हणजे उठावदार आडव्या रेघा, शेवटच्या स्टँडच्या रोलमध्ये कोरलेल्या खाचांतून येतात. ब्रँडचा शिक्काही त्याच रोलवर, एका फेऱ्यात एकदा. म्हणजे दर शिक्क्याला रोलचा एक फेरा पुरा झाला, हे सळई स्वतःच अंगावर लिहून घेते. रोलच्या खोबणीच्या तळाचा व्यास रोल शॉपमध्ये २७० मिमी मोजला, परीघ झाला ८४८ मिमी. सळई रोलबरोबर तंतोतंत चालत असती तर गरम असताना दोन शिक्क्यांत ८४८ मिमी अंतर पडलं असतं आणि थंड झाल्यावर त्याहून थोडं कमी.

बेडवर थंड सळईवर दहा अंतरं एकत्र मोजली. पहिल्या तुकड्यात ८.७१ मीटर, शेवटच्यात ८.७५. एक अंतर ८७१ आणि ८७५ मिमी, दोन्ही परिघापेक्षा जास्त! शिवाय साडेनऊशे अंशांवरून थंड होताना पोलाद सव्वा टक्क्याच्या आसपास आक्रसतं. ते धरलं तर रोल सोडताना सळई रोलच्या पृष्ठभागापेक्षा सुरुवातीला सुमारे ३.९ टक्के आणि शेवटी ४.४ टक्के जास्त वेगाने धावत होती.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. ४८ मीटरवर तो २४ सेंमी होतो. आपली वीत-दीड वीत तीच.

मिस्त्री शेजारी उभे होते. ते म्हणाले, “बाब, रोल फिरता तितलेंच लोखंड येतलें, जास्ती खंयसून येतलें?” प्रश्न रास्त आहे.

१७ जुलै

मिस्त्रींसाठी उत्तर लिहितो, माझ्यासाठीही. रोलच्या पकडीत धातू शिरतो तेव्हा तो जाड आणि संथ असतो, बाहेर पडतो तेव्हा बारीक आणि वेगवान. सेकंदाला जेवढं पोलाद आत तेवढंच बाहेर, म्हणून काटछेद घटला की वेग वाढलाच पाहिजे. रोलच्या पृष्ठभागाचा वेग मात्र सगळीकडे एकच. त्यामुळे पकडीच्या अलीकडच्या भागात रोल धातूच्या पुढे असतो, पलीकडच्या भागात धातू रोलच्या पुढे, आणि मध्ये कुठेतरी एका ठिकाणी दोघांचा वेग जुळतो. बाहेर पडतानाची ही आघाडी म्हणजे फॉरवर्ड स्लिप. लोखंड जास्त येत नाही, बारीक होऊन लवकर येतं.

ती जुळण्याची जागा एका ठिकाणी बसून राहत नाही. पुढून पिंच रोलने ओढलं की आघाडी वाढते. मागच्या स्टँडने धरून ठेवलं की घटते. तापमान, खोबणीची झीज, रोलमधली फट कमी करणारा स्क्रू किती खाली घेतला, सगळ्यांचा त्यात हात. झिजलेला रोल लेथवर टर्निंगला जाऊन २७० चा २६६ झाला आणि पीएलसीत कुणी व्यास बदलला नाही, तर तो दीड टक्का वेगळाच.

थोडक्यात, एन्कोडर मोटरची खबर अचूक देतो. शिअरला खबर हवी आहे सळईची.

२४ जुलै

सळईकडे कसं बघायचं, यावर आज बैठक. सूचना आल्या तशा:

सळईवर चाक टेकवून मोजायचं. ९०० अंशांवर, ९ मीटर वेगाने उडणाऱ्या, रिबवाल्या गोल सळईवर. पुढे.

तुकड्याचं वजन करून लांबी काढायची. सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १७८६ प्रमाणे, १२ मिमीच्या सळईला मीटरच्या वजनात ±५ टक्के मुभा आहे. ४८ मीटरवर ती २.४ मीटर होते. पुढे.

लेझर. हे खरं उत्तर आणि जगभरच्या मोठ्या मिल त्यावर चालतात. १९६४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ये आणि कमिन्स यांनी हेलियम-निऑन लेझरने पाण्याचा वेग मोजला, पाण्यात पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म कण सोडून. धातूच्या बाबतीत कण सोडावे लागत नाहीत, प्रकाश परतवायचं ते काम खडबडीत पृष्ठभागच करतो. पत्र्याच्या कोल्ड मिलमध्ये तर स्टँडच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन लेझर लावतात: आत जाणारी जाडी आणि दोन वेग माहीत असले की बाहेरची जाडी गुणाकार-भागाकाराने मिळते. स्किन पास मिलमध्ये पत्रा एक-दोन टक्के ताणायचा असतो, तो ताणही दोन वेगांच्या फरकावरून.

किंमत ऐकून मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. तरी विक्रेत्याला प्रात्यक्षिकासाठी बोलवायची परवानगी मिळाली. तोवर स्वतः काहीतरी बांधून बघायचं.

२ ऑगस्ट

बांधलं ते असं. तापलेली सळई स्वतःच प्रकाश देते, तेव्हा वेगळा दिवा नको. सिलिकॉनचे दोन फोटोडायोड, प्रत्येकापुढे भिंग आणि बारीक फट, सळईच्या दिशेने एकमेकांपासून १०० मिमी अंतरावर. खपलीचा काळा डाग पहिल्यापुढून गेला की तोच डाग थोड्या वेळाने दुसऱ्यापुढून जातो. ९ मीटर वेगाला हा उशीर ११.१ मिलिसेकंद. दोन्ही सिग्नल सेकंदाला लाख वेळा टिपायचे, एक दुसऱ्यावर सरकवत न्यायचा, सर्वांत चांगला जुळतो तो उशीर घ्यायचा. १०० मिमी भागिले उशीर म्हणजे वेग. अर्धा टक्का फरक म्हणजे साडेपाच नमुने, तो सहज दिसायला हवा.

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंटर्नशिपला आलेली मुलगी म्हणाली, “सर, दोन भिंगं कशाला? एकाच भिंगामागे दोन फटी ठेवू.” कागदावर सुटसुटीत दिसतं. पण मग सळईवरचं १०० मिमी अंतर भिंगापासूनच्या अंतरावर ठरतं. अर्ध्या मीटरवरून बघताना सळई ५ मिमी जवळ आली की मोजमाप एक टक्का चुकणार, आणि सळई गाइडमध्ये ५ मिमी सहज नाचते. दोन नळ्या समांतर ठेवल्या तर सळई जवळ-लांब झाली तरी अंतर १०० च राहतं. तिने लगेच हिशेब करून बघितला आणि ड्रॉइंग बदललं.

तिनेच नंतर विचारलं की नळ्या ज्या पट्टीवर बसवायच्या ती ॲल्युमिनियमची का. शेडमध्ये ती ४० अंशांनी तापली तर ॲल्युमिनियम ०.०९ टक्का वाढतं, साधं पोलाद त्याच्या निम्म्याने. पट्टी पोलादाची केली.

जागा: शेवटचा स्टँड आणि क्वेंच बॉक्स यांच्या मधे. बॉक्सनंतर सळईचं अंग काळवंडतं, तिथे आमच्या डोळ्यांना काही दिसणार नाही. बॉक्समध्ये ती आक्रसते हे खरं, पण पाण्याचा दाब सारखा असेल तर तेवढा एक आकडा फॅक्टरमध्ये राहू शकतो. फॅक्टरला तेवढंच काम उरावं.

८ ऑगस्ट

पहिला दिवस वाया नाही गेला, पण ताप भरपूर झाला. जुळणीचं सर्वांत उंच शिखर शून्य उशिरावर! म्हणजे सळई अनंत वेगाने धावते आहे. दोन्ही डोळ्यांना एकाच क्षणी दिसणारी गोष्ट सळईवरची नसते, वायरमधली असते. मिल थांबवून बघितलं तरी सिग्नल होता. शेजारची इंडक्शन भट्टी बंद झाल्यावर गेला. भट्टी काही शे हर्ट्झवर चालते आणि आमची केबल तिच्या बसबारच्या, म्हणजे वीज नेणाऱ्या जाड पट्ट्यांच्या, समांतर नेलेली. केबल दुसऱ्या बाजूने वळवली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, ॲम्प्लिफायर बॅटरीवर टाकला. शेडमधले एलईडी दिवेही १०० हर्ट्झने लुकलुकत होते. पुढे इन्फ्रारेड फिल्टर लावल्यावर ते दिसेनासे झाले. हजार अंशांच्या आसपासची सळई बहुतेक प्रकाश इन्फ्रारेडमध्येच देते, आपलं काही बिघडत नाही.

पाऊस तर असा की पत्र्यावरच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं.

१९ ऑगस्ट

खरी गोम आज. जुळणीत एक शिखर नाही, कंगव्यासारखी रांग आहे. कारण उघड: सळईवरच्या रिब. रोलवर ११२ खाचा, म्हणजे तळाशी ७.५७ मिमीला एक. गरम सळईवर आघाडी धरून ७.९ च्या आसपास. एक रिब सोडून पुढच्या रिबशी जुळवलं तरी सिग्नल जवळजवळ तसाच दिसतो आणि वेग एकदम आठ टक्के चुकतो.

उपाय पहिला: फॅक्टर धरून एन्कोडर जो वेग सांगतो त्याच्या ±३ टक्क्यांतच शिखर शोधायचं. आठ टक्के लांबचं शिखर त्यात येऊच शकत नाही. उपाय दुसरा आपोआप मिळाला. ब्रँडचा शिक्का पुढून जातो तेव्हा रिबची ओळ तुटते आणि त्या क्षणी खरं शिखर बाकीच्यांच्या वर डोकं काढतं. एका सेकंदात असे दहा-एक शिक्के. पहिल्या उपायाची तपासणी दुसरा करतो.

मग संध्याकाळी लक्षात आलं की ज्या रिबना दिवसभर शिव्या घातल्या त्याच कामाच्या आहेत. एकाच डोळ्यापुढून सेकंदाला किती रिब गेल्या, साधारण ११४०, हा आकडा रोलच्या फेऱ्यांचा. त्यात स्लिपचा काही संबंध नाही, ११२ रिब म्हणजे एक फेरा. दोन डोळ्यांमधला उशीर देतो सळईचा खरा वेग. वेगाला रिबच्या संख्येने भागलं की गरम रिबचं अंतर, आणि त्याला रोलवरच्या ७.५७ ने भागलं की आघाडी. एन्कोडर नको, मोटर-गिअरबॉक्सचं गुणोत्तर नको. टेपने थंड सळईवर जे केलं तेच आता धावत्या सळईवर, दर सेकंदाला दहा वेळा.

२५ ऑगस्ट

उद्यापासून मिल बंद, परवा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. सगळ्यांचं लक्ष माटोळीत, गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छतात. भिंगं काढून कोरड्या डब्यात ठेवली, सिलिकाच्या पुड्यांसह. या हवेत ती शेडमध्ये ठेवली असती तर परत येईपर्यंत बुरशी धरली असती.

४ सप्टेंबर

दीड दिवसाच्या गणपतीवाले लवकर परतले, पाच दिवसवाले आज. मिल सुरू.

पूर्ण बिलेटचा आलेख पहिल्यांदा नीट मिळाला. डोकं शेवटच्या स्टँडमध्ये शिरतं तेव्हा मोटर क्षणभर दबते आणि लगेच सावरते. हे एन्कोडरलाही दिसतं. त्यानंतर जे दिसतं ते एन्कोडरला दिसत नाही. डोकं पिंच रोलमध्ये शिरलं की आघाडी एक पायरी चढते. मग बराच वेळ सपाट. शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये, शेपूट मागचा एकेक स्टँड सोडत येते तशा छोट्या छोट्या पायऱ्या. मागून धरणारा हात सुटला की सळई थोडी मोकळी होते, ती अशी.

पायऱ्यांची बेरीज अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. टेपने जे निघालं होतं त्याच्याशी जुळलं.

मिस्त्रींना आलेख दाखवला. त्यांनी पिंच रोलच्या पायरीवर बोट ठेवलं आणि रातपाळीचा फॅक्टर नेहमी वेगळा का ते एका वाक्यात सांगितलं: रातपाळीवाला पिंच रोलचा करंट जास्त ठेवतो, सळई बॉक्समध्ये अडकू नये म्हणून. इतकी वर्षं दोन पाळ्या फॅक्टरवरून भांडत होत्या आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

१८ सप्टेंबर

विक्रेता लेझर घेऊन आला. यंत्र देखणं आहे, हे मान्य. दोन किरण सळईवर एका बिंदूत छेदतात आणि तिथे उजेड-अंधाराचे समांतर पट्टे उमटतात. ७८० नॅनोमीटरचा लेझर आणि दोन किरणांमध्ये एकूण १० अंशांचा कोन असेल तर पट्ट्यांमधलं अंतर साडेचार मायक्रॉनच्या आसपास. ९ मीटर वेगाने जाणारा पृष्ठभाग त्यातून गेला की परतणारा प्रकाश सेकंदाला वीस लाख वेळा उघडझाप करतो. वेग म्हणजे पट्ट्यांतलं अंतर गुणिले ही वारंवारता. पट्ट्यांचं अंतर काचेच्या आत ठरलेलं, झिजणारं काही नाही. सळई उभी की उलट चालली हे कळावं म्हणून एका किरणाची वारंवारता ब्रॅग सेल नावाच्या भागाने ४० मेगाहर्ट्झने सरकवतात. मग पट्टे स्वतःच धावतात आणि थांबलेल्या धातूवरही ४० चा सिग्नल मिळतो. हे आमच्या डोळ्यांना कधीच जमणार नाही, आमच्या पद्धतीला थांबलेली सळई म्हणजे कोरा कागद.

तो बॉक्सच्या पुढे, शिअरच्या अगदी तोंडाशी बसवला, कारण त्याला सळई तापलेली असण्याची गरज नाही. अचूकतेचा दावा ±०.०५ टक्का, ४८ मीटरवर अडीच सेंटिमीटरच्या आत. बसवताना कोन महत्त्वाचा: २ अंश तिरका बसला तर ०.०६ टक्का चूक, ५ अंशांना ०.३८. आमची अडचण वेगळीच निघाली. पत्र्याला रुंदी असते, १२ मिमीची सळई नाचली की ठिपक्याखालून निसटते. बॉक्सची वाफही मधे येते. हवेचा झोत सोडला, गाइड घट्ट केला, तेव्हा सिग्नल टिकला. लेझर ३बी वर्गाचा, म्हणजे डोळ्यांना धोक्याचा, म्हणून आजूबाजूला पडदे आणि चष्मे. मिस्त्रींनी चष्मा घालून मोबाइलवर फोटो काढून घेतला.

दोन्ही यंत्रं शेजारी लावून दिवसभर नोंद घेतली. बॉक्समधल्या आक्रसण्याचा एक स्थिर आकडा वजा केला की दोन आलेख एकमेकांवर बसतात. आमचा जास्त खरखरीत, पायऱ्या मात्र त्याच जागी.

२९ सप्टेंबर

मालकांचा निर्णय: लेझर पुढच्या वर्षीच्या खर्चात बघू, तोवर घरचा डोळा शिअरला जोडा. जोडला. मोजणी आता सळईच्या वेगावर चालते. सिग्नल हरवला तर पीएलसी आपोआप एन्कोडरवर जातो आणि पुलपिटमध्ये, म्हणजे मिल चालवणाऱ्याच्या केबिनमध्ये, पिवळा दिवा लागतो. हा दिवा मी हट्टाने बसवून घेतला. यंत्राने गुपचूप जुन्या आकड्यावर जाणं मला मान्य नाही.

फॅक्टरचा पडदा पासवर्डखाली गेला. दोन्ही पाळ्या सारख्याच नाराज.

९ ऑक्टोबर

पहिला आणि शेवटचा तुकडा आता चार-पाच सेंटिमीटरच्या आत. त्यात शिअरचा स्वतःचा वाटा किती, ते अजून वेगळं काढायचं आहे. भिंगांवर खपलीची भुकटी बसते, ती दर पाळीला पुसायची. वहीत रकाना केला. रोल बदलला की खाचांची संख्या आणि तळाचा व्यास रोल शॉपने लिहून द्यायचा, तोंडी चालणार नाही.

पुढच्या आठवड्यात ८ मिमीचा रन. आपल्याकडे तो स्लिट करून, म्हणजे धावता धातू मधोमध चिरून, काढतात; दोन सळया शेजारी-शेजारी धावतात आणि दोघींचा वेग एकच असेल असं धरता येत नाही. सध्याचा डोळा दोघींना एकत्र बघेल. नळ्यांची दुसरी जोडी लागेल, तिच्या फटी अरुंद हव्यात. पोलादी पट्टी मशीन शॉपमध्ये कापायला दिली, फोटोडायोडची ऑर्डर गेली. इंटर्न मुलीचा प्रोजेक्ट रिपोर्ट महिनाअखेरीला आहे, तोपर्यंत तिला निदान एक स्वच्छ ८ मिमीचा आलेख मिळायला हवा.